लाल वही आणि सेंट्री: मे-जून २०२५ च्या प्रकल्प नोंदी

६ मे, मंगळवार

अप्पा बळवंत चौकात सकाळी अकराला पोचलो, गाडी लावायला जागा मिळेपर्यंत साडेअकरा. शालेय पुस्तकांचं दुकान, मालकांचा मुलगा माझा शाळेतला मित्र. २०२० च्या टाळेबंदीत घाईघाईने जी ऑर्डरची वेबसाइट करून दिली, ती अजून तशीच चालू आहे. मागे सर्व्हरवर जँगो, पोस्टग्रेस डेटाबेस, पुढे ब्राउझरमध्ये रिअ‍ॅक्ट. पालक शाळा आणि इयत्ता निवडतात, पुस्तकांचा पूर्ण संच घरी जातो.

वहिनींनी गल्ल्याखालून लाल वही काढली. ऑनलाइनचं सगळं त्याच बघतात. गेल्या जूनपासूनच्या फोनवरच्या तक्रारी तारीखवार, एकेचाळीस. भाषा साधारण चारच प्रकारची: ‘पान पांढरं झालं’, ‘पैसे कापले, पावती नाही’, ‘फार वेळ लागतो’, ‘शाळा सापडत नाही’.

मी विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या, “भाऊजी, सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, माझ्याकडे चालतंय.”

हे खरं आहे.

ऑफिसला येऊन लॉग उघडले. एनजिनएक्स या वेब सर्व्हरचे लॉग चौदा दिवसांनी पुसले जातात, म्हणजे गेल्या जूनचा पुरावा संपला. जँगो मोठी चूक झाली की अ‍ॅडमिनला मेल पाठवतो, ती सोय चालू होती. फक्त मेल जात होता २०२२ मध्ये नोकरी सोडलेल्या मुलाच्या बंद खात्यावर. तीन वर्षं साइट ओरडत होती आणि ऐकायला कोणी नव्हतं.

शाळा १६ जूनला उघडतात. खरी झुंबड त्याआधीचे दहा दिवस आणि नंतरचे आठ. हातात पाच आठवडे.

९ मे, शुक्रवार

चुका टिपायला साधन कोणतं यावर अर्धा दिवस गेला. दोन वाटा होत्या. एक सेंट्री. मुळात २००८ मध्ये जँगोमधल्या चुका नोंदवण्यासाठीच सुरू झालेलं, त्यामुळे आमच्या घरात ते पाहुणं वाटत नाही. दुसरी ओपनटेलिमेट्री: ओपनट्रेसिंग आणि ओपनसेन्सस हे दोन प्रकल्प २०१९ मध्ये एकत्र होऊन झालेली, कुठल्याच कंपनीला बांधलेली नाही. पण तिच्याबरोबर ट्रेस साठवायला आणि दाखवायला येगर किंवा तत्सम काही आपणच उभं करायचं. आम्ही अडीच माणसं (अर्धं म्हणजे मी, कारण बिलं पण मीच करतो). सेंट्री घेतलं. तेही स्वतःच्या सर्व्हरवर बसवायचं तर किमान १६ जीबी मेमरी मागतं, आमच्या सर्व्हरला चार आहे. म्हणून त्यांच्याकडचंच भाड्याने.

ट्रेनीने विचारलं, एरर कळतो, पण ट्रेस म्हणजे नक्की काय? तिला दुकानातलं सांगितलं. गिऱ्हाईक यादीची चिठ्ठी देतं. काउंटरवरचा पोऱ्या ती माळ्यावर पाठवतो, माळ्यावरचा गोदामात, मग बिल, मग पिशवी. समज, प्रत्येकाने चिठ्ठी हातात आली ती वेळ आणि सोडली ती वेळ तिच्यावरच लिहिली. शेवटी ती चिठ्ठी म्हणजे ट्रेस, आणि एकेका माणसाचा वेळ म्हणजे स्पॅन. चिठ्ठीचा नंबर सगळीकडे एकच राहायला हवा, एवढीच अट. ही कल्पना गूगलच्या २०१० च्या डॅपर निबंधामुळे सगळीकडे पोचली. ट्रेनीने तो निबंध लगेच उघडला. मी अजून पूर्ण वाचलेला नाही.

१३ मे, मंगळवार

जँगोमध्ये सेंट्रीचं एसडीके, म्हणजे त्याला चुका कळवणारं कोड, बसवलं. दहा ओळी. चावी पर्यावरण-चलात (कोडाबाहेरच्या सेटिंगमध्ये), रिलीजचं नाव गिट कमिटवरून. दुपारी दीडला डिप्लॉय, म्हणजे नवं कोड साइटवर चढवणं: एक ते चार दुकान बंद असतं, ऑर्डर तपासणारंही कोणी नसतं, म्हणून ही आमची ठरलेली वेळ. (पुण्याच्या या सवयीवर जग हसतं. मी तिच्यावर पाच वर्षं डिप्लॉय करतोय.)

मुद्दाम शून्याने भागून पाहिलं. चार सेकंदांत एरर पडद्यावर.

संध्याकाळी सहा वाजता प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे खऱ्या साइटवर, सतरा नवे एरर. छातीत धस्स. सगळे एकाच फाइलमधले, आणि ती फाइल प्रॉडक्शनवर नव्हतीच. ट्रेनीने माझी एन्व्ही (सेटिंगची) फाइल जशीच्या तशी आपल्या लॅपटॉपवर घेतली होती, पर्यावरणाच्या नावासकट. तिचं अर्धवट कोड मला प्रॉडक्शनचा अपघात वाटला. फाइल मीच दिली होती.

१४ मे, बुधवार

रात्रीत तीनशे एरर, सगळे ‘अमान्य होस्ट’. कोणी बॉट नावाऐवजी थेट आयपी पत्त्यावर येऊन दार ठोकतात, जँगो दर वेळी तक्रार लिहितो. सेंट्रीत गाळण्यापेक्षा दारातच अडवलं: एनजिनएक्समध्ये अनोळखी होस्टला ४४४, म्हणजे उत्तर न देता जोडणी तोडायची. पुढच्या तासात शून्य.

२० मे, मंगळवार

आता ब्राउझरची बाजू. एरर येतायत, पण सगळे ‘ओळ १, स्तंभ ८४२११’ असे, कारण बिल्ड करताना सगळं कोड एका ओळीत दाबलं जातं. सोर्स मॅप (दाबलेल्या कोडावरून मूळ ओळ शोधून देणाऱ्या फाइली) बिल्डच्या वेळीच सेंट्रीकडे चढवले आणि आपल्या सर्व्हरवरून पुसले. ते उघड्यावर ठेवले तर मूळ कोड कोणीही वाचेल. मग नावं आणि ओळी दिसायला लागल्या.

सगळ्यात वर एकच एरर, पुन्हा पुन्हा: ‘रिमूव्ह चाइल्ड करता आलं नाही, हा नोड या पालकाचं मूल नाही.’ भाषांतर माझं. चुकीच्या घरात मूल शोधल्यासारखं. ओळ रिअ‍ॅक्टच्या आतली, आमच्या कोडातली नाहीच. माझ्या फोनवर होत नाही, ट्रेनीच्या फोनवर होत नाही.

एररखाली सेंट्री आधीच्या हालचालींचा माग ठेवतं: कुठे क्लिक केलं, कुठली विनंती गेली. त्यात सगळं साधं. शाळा निवडली, इयत्ता निवडली, पान कोसळलं. रात्री घरी जेवताना बायकोच्या फोनवर दुसरीच कुठलीतरी मराठी बातमी इंग्रजीत दिसत होती. ती म्हणाली, हे आपोआपच होतं, मी कधीतरी हो म्हटलं असेल.

ताट तसंच ठेवून तिच्याच फोनवर आपली साइट उघडली. भाषांतर झालं. इयत्ता बदलली. पान पांढरं.

२१ मे, बुधवार

कारण लिहून ठेवतो, पुढे कोणाला तरी लागेल. क्रोम भाषांतर करताना पानावरचा मजकूर उचलून फॉन्ट नावाच्या टॅगमध्ये गुंडाळतो. रिअ‍ॅक्टला त्याचा पत्ता नसतो. त्याच्या हिशोबाने मजकूर जुन्याच जागी आहे. काढायला जातो, सापडत नाही, एरर फेकतो. आणि सोळाव्या आवृत्तीपासून न पकडलेला एरर आला की रिअ‍ॅक्ट अख्खं झाडच उतरवून ठेवतो. राहतो पांढरा कागद.

खात्री कशी करायची? भाषांतर झालं की क्रोम मुख्य टॅगवर ‘ट्रान्सलेटेड-एलटीआर’ असा क्लास लावतो. तो असेल तर एररला खूणचिठ्ठी लावायची, एवढं कोड चढवलं. संध्याकाळपर्यंत आलेल्या नऊच्या नऊ एररवर ती होती.

आता लाजेची गोष्ट. आमची साइट पूर्ण मराठी, आणि मुख्य टॅगवर भाषा ‘इंग्रजी’ लिहिलेली. टेम्प्लेटमधून आली तशी पाच वर्षं राहिली. ती ‘एमआर’ केली. भाषांतराला बंदी घालण्याचा एक मार्ग आहे, ट्रेनीने तोच सुचवला. वहिनींना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, इंग्रजी माध्यमाचे निम्मे पालक तसंच वाचतात, बंद करू नका. म्हणून जिथे जिथे अटीनुसार मजकूर बदलतो तिथे तो सुटा न ठेवता स्वतंत्र स्पॅन टॅगमध्ये ठेवला. (हा एचटीएमएलचा स्पॅन. ट्रेसचा वेगळा. नावं ठेवणाऱ्यांना नावं ठेवावीत तेवढी थोडी.) रिअ‍ॅक्ट मग पूर्ण टॅग काढतो, आत काय झालंय ते बघत नाही.

वहीत ‘पान पांढरं झालं’ अशा चौदा नोंदी आहेत.

२३ मे, शुक्रवार

एका एररच्या तपशिलात एका आईचा मोबाइल नंबर आणि मुलाचं नाव सरळ दिसलं. सेंट्री वैयक्तिक माहिती आपणहून पाठवत नाही असं मी गृहीत धरलं होतं, आणि ती सेटिंग बंदच आहे. पण पायथनचं एसडीके एररच्या वेळी फंक्शनमधल्या स्थानिक चलांची मूल्यंही सोबत नेतं. पासवर्ड, टोकन अशा नावाची चलं ते झाकतं. ‘मोबाइल’ आणि ‘पाल्य’ ही आमची नावं त्याला कुठून माहीत असणार?

झाकायच्या यादीत ही आमची नावं घातली, शिवाय पाठवण्याआधीच्या फंक्शनमध्ये सलग दहा आकडे दिसले की खोडायचे. आधीचे ते एरर सेंट्रीतून काढून टाकले. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या सगळ्यांना मूलच धरतो, आणि आमच्याकडचा प्रत्येक संच कोणत्या तरी मुलाचा आहे. वहिनींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी वहीतल्या फोन नंबरांवरून हात फिरवला आणि ती पुन्हा गल्ल्याखाली ठेवली.

२७ मे, मंगळवार

आज माझ्या हातून झालेलं.

ट्रेसिंग चालू केलं. चाचणी सर्व्हरवर शंभर टक्के, प्रॉडक्शनवर पाचातला एक. ब्राउझरपासून डेटाबेसपर्यंत एकच चिठ्ठी हवी, म्हणून ब्राउझरच्या एसडीकेला सांगितलं की एपीआयच्या उपडोमेनला (माहिती देणाऱ्या सर्व्हरच्या वेगळ्या पत्त्याला) जाणाऱ्या विनंत्यांवर ट्रेसचे हेडर, म्हणजे चिठ्ठीचा नंबर, लाव. दुपारी एक दहाला डिप्लॉय. सर्व्हर हिरवा, सेंट्री शांत. पाऊस मे महिन्यातच मुक्कामाला आल्यासारखा कोसळतोय. खिडकीत बसून चहा घेतला.

चार वाजून पाच मिनिटांनी वहिनींचा फोन. “भाऊजी, दुपारपासून एकही ऑर्डर नाही. पाऊस म्हणावा तर काल पण होता.”

उपडोमेन म्हणजे ब्राउझरच्या दृष्टीने परकं घर. अनोळखी हेडर घेऊन जायचं तर ब्राउझर आधी ऑप्शन्स विनंतीने विचारतो, हे चालेल का? आमच्या परवानगीच्या यादीत ‘सेंट्री-ट्रेस’ आणि ‘बॅगेज’ ही दोन नावं नव्हती. मग ब्राउझरने खरी विनंती पाठवलीच नाही. सर्व्हरला फक्त ऑप्शन्स दिसत होत्या आणि त्यांना तो २०० (सगळं ठीक) म्हणून मोकळा होत होता. ब्राउझरमध्ये आमचंच कोड तो अपयशाचा एरर पकडून ‘कृपया नेटवर्क तपासा’ असा पट्टा दाखवत होतं. पकडलेला एरर सेंट्रीला कोण सांगणार?

दोन नावं जोडली, चार सतराला सगळं सुरळीत. तीन तास गेले. आणि ते तीन तास कळले नाहीत, कारण दुकान बंद होतं. एक ते चारची सोय अशी उलटली.

दोन गोष्टी बदलल्या. ‘नेटवर्क तपासा’ दाखवताना आता सेंट्रीलाही कळवायचं. आणि डिप्लॉयनंतर मी स्वतः फोनवरून एक संच टोपलीत टाकून बघायचा, चहाच्या आधी.

३ जून, मंगळवार

आठवडाभराचे ट्रेस साठले. ‘फार वेळ लागतो’ या तक्रारीचं पान सापडलं: शाळेच्या संचाचं पान. सरासरी १.१ सेकंद, यात काय वाईट, असं वाटतं. पण पी९५, म्हणजे शंभरातल्या पंच्याण्णवाव्या माणसाचा वेळ, ६.९ सेकंद. सरासरीवर माझा विश्वास तसाही नाही. सरासरीने सिंहगड रोडही वीस मिनिटांत पार होतो.

मंद ट्रेस उघडला आणि जिना दिसला. एकाखाली एक, सारख्याच लांबीच्या बारीक पट्ट्या, खालपर्यंत. २१३ क्वेरी, म्हणजे डेटाबेसला तितक्या वेळा विचारणा. संच एका क्वेरीत येतो, मग प्रत्येक पुस्तकासाठी प्रकाशक वेगळा विचारायचा, साठा वेगळा, कव्हर वेगळं. दुकानात असं कोणी केलं असतं, एका यादीसाठी माळ्यावर सत्तर वेळा चढला असता, तर मालकांनी कान धरला असता. सिलेक्ट रिलेटेड आणि प्रीफेच रिलेटेड (जोडलेल्या नोंदी एकदमच आणायच्या जँगोच्या सोयी) लावलं, सहा क्वेरी उरल्या.

तरीही ९०० मिलिसेकंदांची मोकळी जागा. पट्टीच नाही, कोरं. कोरं म्हणजे काहीच घडत नाही असं ट्रेनीला वाटलं. पण ते फक्त आपण मोजत नाही असं आहे. तिथे हाताने दोन स्पॅन घातले. निघालं काय, तर कव्हरचं छोटं चित्र प्रत्येक वेळी नव्याने बनवत होतो. आता एकदाच बनवून ठेवतो. पी९५ रात्री पाऊण सेकंदाच्या आत.

दाखवायला ट्रेसचे दोन्ही फोटो दुकानात नेले. काका, म्हणजे दुकानाचे मालक, म्हणाले, “जिना गेला, बरं झालं. माझे गुडघे पण त्यानेच गेले.”

७ जून, शनिवार

‘पैसे कापले, पावती नाही.’ सगळ्यात जिवाची तक्रार, आणि सेंट्रीत महिनाभरात तिचा एकही एरर नाही. मग कोडच वाचायला बसलो. पेमेंट झालं की गेटवे आपल्या सर्व्हरला वेबहुकने कळवतो. ते घेणाऱ्या फंक्शनच्या तळाशी: ‘एक्सेप्ट एक्सेप्शन: पास’, म्हणजे कुठलाही एरर आला तरी गिळून पुढे जा. आणि त्याखाली निर्विकारपणे २०० परत. गिटला विचारलं कोणाचं. मार्च २०२१, रात्री १:४८, माझं.

पासच्या जागी सेंट्रीला कळवणारी ओळ घातली. दोन तासांत तीन एरर: नोंद अस्तित्वात नाही. घडत होतं ते असं. पेमेंटची नोंद आम्ही करायचो गिऱ्हाईक साइटवर परत आल्यावर. वेबहुक त्याच्या आधी आला तर त्याला नोंद मिळायची नाही, एरर गिळला जायचा, २०० मिळालं म्हणून गेटवे समजायचा निरोप पोचला आणि पुन्हा पाठवायचा नाही. एरवी गिऱ्हाईक मागून यायचं आणि भागायचं. पण यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये गेलेला माणूस तिथूनच फोन खिशात टाकतो. तो परत आलाच नाही की पैसे गेले आणि पावती नाही.

यात गेटवेचा काहीच दोष नाही. बरोबर वागत होता, आम्हीच त्याला खोटं सांगत होतो.

आता पेमेंटला पाठवण्याआधीच नोंद करतो. काही बिघडलं तर ५०० (सर्व्हरची चूक) देतो, म्हणजे गेटवे पुन्हा पाठवतो. तोच निरोप दोनदा आला तर डेटाबेसची एकमेवतेची अट दुसरा थोपवते. वहीतल्या अशा सहा जणांपैकी दोघांचे पैसे गेल्या वर्षी काकांनी खिशातून परत केले होते, हे आज कळलं. मला कोणी बोललं नव्हतं.

१२ जून, गुरुवार

फोनवर इशारे. पहिल्या दिवशी सगळ्याला लावले, दुपारपर्यंत ट्रेनीने आवाज बंद केला. आता तीनच गोष्टींना फोन वाजतो: पेमेंटची चूक, ‘नेटवर्क तपासा’ पाच मिनिटांत दहापेक्षा जास्त, आणि नव्या रिलीजमध्ये पहिल्यांदा दिसलेला एरर.

एरर आला तर पालकाला दिसणाऱ्या पानावर आता सहा अक्षरी खूण येते. ही कल्पना वहिनींची: “ते फोनवर वर्णन करत बसतात, मला नंबर द्या.” वहीत नवा रकाना आखला, पट्टीने.

१६ जून, सोमवार

शाळा उघडल्या. चौकात छत्र्यांशिवाय काही दिसत नव्हतं म्हणे, मी पडद्यावरच होतो. यंदा पहिलीची पुस्तकं नव्या अभ्यासक्रमाची, त्यामुळे जुना संच घेऊन चालत नाही आणि पहिलीचे पालक तसेही घाबरलेले. साइट उभी राहिली. एकच चूक माझी: ट्रेसच्या कोट्याचा मोठा भाग सर्व्हरची तब्येत विचारणाऱ्या मिनिटामिनिटाच्या विनंतीने खाल्ला होता. तिला शून्य, पेमेंटला पूर्ण, बाकीला दहा टक्के, असं ठरवणारं फंक्शन लिहिलं.

२० जून, शुक्रवार

पालख्या आज पुण्यात. पेठांतले रस्ते बंद, सगळे घरून काम. वहिनी सकाळी वारकऱ्यांना चहा देऊन आल्या आणि वहीचं पान व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. महिन्याच्या नोंदी अकरा. एक सोडून सगळ्या ‘शाळा सापडत नाही’.

सेंट्रीत याचं काहीच नाही. असणारही नाही: शोधलं, शून्य निकाल आले, २०० मिळालं. यंत्राच्या दृष्टीने सगळं यथासांग. म्हणून शून्य निकालाचा शोध ही आपलीच एक घटना म्हणून नोंदवायला लावली, शोधलेल्या शब्दासकट. दोन तासांत यादी आली. अर्ध्यात गोऱ्हे बुद्रुक, खडकवासल्याच्या पुढचं. ते गाव आमच्या यादीत आहे. डोळ्यांसमोर आहे. शोधलं की नाही.

ट्रेनीने दोन्ही शब्दांची लांबी छापली. पालकांचा ‘गोऱ्हे’: सहा. आमचा ‘गोर्‍हे’: सात.

डोळ्यांना दोन्ही एकच. पालकांच्या फोनचा कीबोर्ड यू+०९३१ हा स्वतंत्र ऱ वापरतो. आमची यादी जुन्या डीटीपी फाइलमधून रूपांतरित केलेली. तिथे साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारं जोडचिन्ह झेडडब्ल्यूजे. युनिकोडचं एनएफसी रूप (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या मांडण्या एकसारख्या करणारं) दिलं की जमेल असं वाटलं. ते र आणि खालचा नुक्ता जोडून ऱ करतं, पण झेडडब्ल्यूजेवालं रूप त्याच्या लेखी वेगळंच राहतं. हाताने बदलणारी एक ओळ लिहिली, यादीवरही आणि शोधावरही. डेटाबेसात असे १२७ शब्द होते. ‘पायऱ्या’, ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’. पुस्तकांची नावंसुद्धा. ‘दुसऱ्या’ शब्द असलेलं पुस्तक पाच वर्षं ऑनलाइन कोणाला मिळालेलं नाही.

२५ जून, बुधवार

वहीत आज एक नोंद, खुणेसकट. खूण टाकली, ट्रेस उघडला: सर्व्हरला १२० मिलिसेकंद लागले, उरलेले नऊ सेकंद पालकाच्या फोनचे. वहिनींनी त्यांना फोनवरच ऑर्डर घेऊन दिली आणि नोंदीवर काट मारली.

शून्य निकालांची यादी मी कामापुरती ठेवणार होतो. त्यांनी ती आज छापून मागितली, दर शनिवारी, दुपारी एकच्या आत. त्यात चाळीस जणांनी शोधलेल्या दोन व्यवसायमाला आहेत ज्या दुकानात कधी ठेवल्याच नव्हत्या. काकांनी सकाळीच प्रकाशकाकडे पन्नास-पन्नास प्रती सांगितल्या.

उरलेलं: यादी आपोआप छापणं. प्रिंटरला मराठी फॉन्ट नाही, ऱ चौकोन येतोय.